माशाचं खत आणि दारूबंदीच्या बाया

नणंदेनं नागपूरहून ऑर्किडच्या दोन कुंड्या आणल्या तेव्हा त्यांना जांभळी फुलं होती. ती गळाली आणि मागे उरली जाड पानं नि कुंडीबाहेर लोंबणारी पांढुरकी मुळं. कुंडीत माती नाहीच, नुसता कोळसा आणि नारळाच्या शेंड्या. "कोळसा खाऊन झाड फुलते काय?" नवरा विचारायचा.

अहेरीत आमच्या शेजारी बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या भाभी राहतात. त्यांना मोबाईलवर उपाय सापडला: माशाची घाण आणि गूळ बरणीत आंबवायचं, गाळायचं आणि बादलीभर पाण्यात चमचाभर टाकून झाडाला द्यायचं. बाजारातून आम्ही माशांची डोकी, आतडी फुकटात आणली. मासेवाली म्हणाली, "एवढ्या मांजरी पाळल्या काऊन ओ बाई?" आम्ही दोघी पिशवी धरून रस्ताभर हसत आलो.

बरणी न्हाणीमागे ठेवली. रोज झाकण सैल करून आतली हवा सोडायची होती. पण भाभींच्या दुकानात लगनसराईची गर्दी, माझ्याकडे शिलाईच्या ब्लाऊजांचा ढीग; दोघीही विसरलो. इकडे माशाचा वास दबला आणि झाकणाच्या कडेतून गूळ आंबल्याचा घमघमाट गल्लीभर सुटला.

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. गुळाचा असा वास आला की काय समजायचं, हे इथल्या लहान पोरालाही कळतं. एका सकाळी दारूबंदीच्या महिला मंडळातल्या बाया थेट अंगणात उभ्या राहिल्या. गंमत म्हणजे त्या मंडळात मीही आहे.

अध्यक्षबाई कंबरेला पदर खोचून म्हणाल्या, "तू बी? आमच्यासंगं घोषणा देतं, अन् घरी दारू गाळून राह्यली?"

"दारू नाई ओ बाई, खत हाय. फुलाले देतो."

"फुलाले गूळ? काढ बरणी!"

"मी उघडतो, तुम्ही दूर राहा," मी म्हणेपर्यंत बाईंनी बरणी पोटाशी धरून झाकणाला हिसका दिला. फट्ट! झाकण उडालं, काळपट फेस उसळला आणि बाईंच्या नाकावर, चष्म्यावर, पदरावर माशाचा काला झाला. एक डोकं टपकन त्यांच्या पायाशी पडलं.

कोणी श्वास घेईना. घ्यावासा वाटतही नव्हता. मग कुंपणापलीकडून भाभी ओरडल्या, "या अल्ला, दारू पकडायले आले अन् मच्छी पकडली!"

पहिल्यांदा हसल्या त्या अध्यक्षबाईच. हसता हसता त्या खालीच बसल्या. मग सगळ्याच बाया पोट धरून हसू लागल्या, एकीला तर उचकी लागली. मी बादलीवर बादली ओतत होते, तरी बाईंचा वास जाईना. शेवटी माझं नवं लुगडं नेसूनच त्या घरी गेल्या.

उरलेलं खत आम्ही गाळून ठेवलं. मुळं आधी साध्या पाण्यानं भिजवायची, ती हिरवीगार झाली की मगच वरून खताचं पातळ पाणी. दर रविवारी आम्ही हे लेकरू न्हाऊ घातल्यासारखं करायचो. अध्यक्षबाईही आपल्या मिरच्यांसाठी बाटलीभर घेऊन गेल्या, अर्थात झाकण सैल ठेवून.

पावसाळा सरल्यावर पानाच्या बेचक्यातून हिरवं टोक निघालं. मला वाटलं, आणखी एक मूळ. भाभींनी वाकून पाहिलं आणि किंचाळल्या, "मूळ नाई वं, कळीची दांडी हाय!" आम्ही एकमेकींच्या हाताला धरून गरगर फिरलो. भाभींच्या बांगड्या वाजत होत्या, मशीनवर कुणाचा तरी अर्धा ब्लाऊज लोंबत होता.

पहिलं फूल उमललं त्या सकाळी अंगण बायांनी भरलं. जांभळ्या पाकळीला बोट लावायला सगळ्या भीत होत्या. अध्यक्षबाईंनी नाक जवळ नेलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "याले तर वासच नाई!"

आतून नवरा चहा मागत होता. कोणी लक्ष दिलं नाही.