एदमेचं वळण

नाव न्युमा ह्युगनँ. राहणार स्वित्झर्लंडातील ल लोक्ल हे घड्याळांचे गाव, स्टेशनच्या वरची गल्ली, तिसरा मजला. व्यवसाय : जुनी, भारी किमतीची मनगटी घड्याळे खोलणे, धुणे व पूर्ववत करून देणे. सदर इसम विधुर असून निर्व्यसनी आहे (शेजारच्या खोऱ्यातली बडीशेपेची दारू या भागात औषधात धरली जाते). वर्तणूक समाधानकारक. ओळखीची खूण, उजव्या डोळ्याभोवती भिंगाचा कायमचा वळ. संपूर्ण सेवाकाळात सदर इसमाच्या हातून एकही चूक झाल्याची नोंद नाही.

निवृत्तीच्या आधीच्या नोव्हेंबरात न्युमाच्या टेबलावर एक सोन्याचं घड्याळ आलं. मालक फ्रिबूरचे निवृत्त वकील, मस्य (म्हणजे श्रीयुत) ग्रमो. घड्याळ त्यांच्या वडिलांचं. न्युमानं मागचं झाकण काढलं, आत पाहिलं आणि भिंग डोळ्यावरून उतरवून पुसलं. मग पुन्हा लावलं, आणि पुन्हा पुसलं. भिंग स्वच्छच होतं.

घड्याळाच्या पोटात एक चाक सारखं झुलत असतं आणि त्याला झुलवते केसाहून बारीक स्प्रिंग. या स्प्रिंगेचं शेवटचं टोक वर उचलून आत वळवावं लागतं. पूर्वी हे काम बायका घरी, खिडकीपाशी बसून करत. वळण हातानं द्यायचं, त्यामुळे ते हस्ताक्षरासारखंच असे. जाणणाऱ्याला लांबून कळायचं, कुणाचं ते.

हे वळण एदमेचं होतं. न्युमाच्या बायकोचं.

एदमे डावखुरी. शाळेत तिच्या डाव्या हातावर पट्ट्या मारून उजवा लिहिता केला गेला. पण घरी आईनं चिमटा डाव्या हातातच दिला. म्हणाली, "घड्याळाला कुठं कळतंय!" घड्याळाला कळत होतं. एदमेचं वळण देखणं, फक्त टोकाला किंचित सपाट. त्यापायी घड्याळ आडवं ठेवलं की ठीक, चावी खाली करून उभं धरलं की जरासं मागे पडायचं. तिच्या स्प्रिंगा बसवण्याचं काम कारखान्यात नव्यानं लागलेल्या न्युमाकडे आलं. तक्रार केली असती तर तिचं काम गेलं असतं. म्हणून तो चिमट्यानं टोक हळूच दाबून गोल करायचा आणि गप्प बसायचा. पुढं त्यांचं लग्न झालं, तरी तो दाबतच राहिला. प्रेम म्हणतात ते हेच असावं. ल लोक्लमध्ये त्याहून जास्त बोलायची पद्धत नाही.

बोलला तो एकदाच. तेव्हा दोघंही म्हातारपणाकडे झुकलेली, रविवारचं जेवण चाललेलं.

"म्हणजे माझ्या सगळ्या स्प्रिंगा?" एदमेनं विचारलं.

"सगळ्या."

"एक पण सोडली नाहीस?"

"तुझं नाव खराब झालं असतं."

"अरे शहाण्या, नाव राहिलं आणि मीच गेले की रे त्यातून!" ती हसली. त्याच्या ताटात बटाटे वाढताना मात्र तिचा हात थांबला. "जगात एखादं तरी घड्याळ चालत असेल का रे, माझ्या वळणावर?"

न्युमानं मीठ मागितलं.

तीन हिवाळ्यांमागे एदमे गेली. प्रश्न तसाच राहिला होता.

आणि आता हे घड्याळ. न्युमा कारखान्यात लागण्याच्या आधीचं. मधल्या काळात दोघातिघांनी त्याला तेल घातलं होतं; स्प्रिंगेला कुणी हात लावला नव्हता. टोक तसंच होतं, किंचित सपाट.

कार्यशाळेची प्रमुख सिल्व्यान एकेकाळी न्युमाच्याच हाताखाली शिकलेली. चारचौघांत तो तिला मादाम म्हणे, एरवी पोरी.

"मादाम, याची स्प्रिंग आहे तशी ठेवायची."

"मस्य ह्युगनँ, उभं धरलं की मागे पडतंय ते."

"पडू दे."

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" सिल्व्याननं विचारलं. घड्याळ मागे पडू दे, हे वाक्य या इमारतीत आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. शेवटी तिनं मालकांना फोन लावला.

"मागे पडतं, ठाऊक आहे की," मस्य ग्रमो पलीकडून ओरडले. त्यांना ऐकू कमी यायचं. "वडील दर रविवारी चर्चला निघताना ते पुढं करायचे. मीही करतो. दुरुस्त करून ठेवलंत, तर मी चर्चच्या आधी करू काय, प्रार्थना?"

परवानगी मिळाली. न्युमानं घड्याळ पूर्ण खोललं, एकेक भाग धुतला, झिजलेला एक आस नवा घडवून बसवला. सोन्याच्या कडांना पॉलिश लावू दिलं नाही. सगळ्यात शेवटी स्प्रिंगेसकट ते झुलतं चाक जागेवर बसवायचं होतं. तेवढ्यात नऊच्या कॉफीला सिल्व्यान गोड पावाचा तुकडा घेऊन त्याच्या टेबलाशी आली.

"आता सांगा तरी. कुणाची आहे ही स्प्रिंग?"

न्युमानं सांगितलं. पट्ट्या, खिडकी, आई, सगळं. उभ्या जन्मात इतकं तो सलग बोलला नव्हता. नजर भिंगातून घड्याळावर, चिमटा हातात, आणि तोंड चालूच.

"कुणाच्या लक्षातही यायचं नाही बघ, पोरी. एवढंसं तर काम. टोक धरायचं, आणि जरासं..."

तो थांबला. सिल्व्यानला वाटलं, बायको आठवली. ती पावाकडे बघत राहिली.

न्युमानं चिमटा खाली ठेवला. टोक गोल झालं होतं. सुरेख, नेहमीसारखं.

सिल्व्यान हळू आवाजात म्हणाली, "परत सपाट करता येईल ना?"

"येईल की."

"मग?"

"मग ती चूक माझी होईल. तिची नाही."

त्यानं भिंग उतरवलं आणि थंड झालेली कॉफी पिऊन टाकली.

तपासणी झाली. आडवं, उभं, उलटं, सगळ्या स्थितींत निकाल समाधानकारक. सिल्व्याननं सही केली आणि घड्याळ फ्रिबूरला रवाना झालं.

ते आता मागे पडत नाही.