केस क्रमांक तीन

"अगं, तुझा कॅमेरा बंद ठेव ना. मागे सगळं किचन दिसतंय. प्रोफेशनल वाटत नाही."

हे केतकी बोलली. मुलुंडची. आमच्या गटाची लीडर. पाच जण ऐकत होते. मागे माझी आई भाकऱ्या थापत होती. वाकोल्यात आमची एकच खोली. किचन वेगळं कुठून आणू? मी कॅमेरा बंद केला.

मी दिवसा अंधेरीत एका दवाखान्याच्या काउंटरवर बसते. संध्याकाळी मानसशास्त्राचा ऑनलाइन कोर्स. गटाचा विषय होता, वस्तीतल्या आयांचा शिक्षणाकडे बघायचा दृष्टिकोन. थिअरी त्यांनी वाटून घेतली. मुलाखती माझ्याकडे. "तुला तिकडे ॲक्सेस आहे ना यार," केतकी म्हणाली. तिकडे म्हणजे माझ्या घरी.

मी गल्लीतल्या बायकांशी बोलले. आईशीही बोलले. आई म्हणाली, "लई शिकायचं व्हतं गं. पर मास्तर मला दाराबाहेर बसवायचा. मग बा म्हनला, नको जाऊस." एवढी वर्षं तिने हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी शब्द न् शब्द उतरवून गटाला पाठवला.

प्रेझेंटेशनला आई माझ्या शेजारीच बसली होती. मुलीचं काम बघायला. केतकी वाचत होती. "केस क्रमांक तीन. चौथीत शाळा सोडली. शिक्षणाविषयी अनास्था."

मास्तर गायब. दार गायब.

आईने मला विचारलं, अनास्था म्हणजे काय. मग मी माइक सुरू केला, कॅमेराही.

"केस तीन माझी आई आहे. ती इथे बसलीय. तिला शिकायचं होतं. तिला वर्गाबाहेर बसवायचे. ते वाक्य तुम्ही कापलंत."

कोर्सच्या मॅडम म्हणाल्या, आपण यावर नंतर बोलू. पुढची स्लाइड लागली.

केतकीचा मेसेज आला की मी पर्सनली घेतलं, आता सगळ्यांचे मार्क जाणार. आईने भाकऱ्या झाकून ठेवल्या आणि ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

शेवटी प्रत्येकाने गटकार्याबद्दल चिंतन लिहायचं होतं. बाकीच्यांनी सहकार्य, समन्वय असं लिहिलं. मी घडलं ते लिहिलं. मॅडमचा फोन आला. भावना समजतात म्हणाल्या, पण भाषा जरा सौम्य कर.

"नाही मॅडम," मी म्हटलं. "मार्क कापा. भाषा हीच राहील."

नव्या सत्राचे गट लागलेत. पुन्हा केतकीच. विषय अजून ठरायचाय. मी ग्रुपवर लिहिलंय: विषय मी सुचवते. शाळेत कोणाला दाराबाहेर बसवलं आणि कोणी बसवलं. मुलाखती आपापल्या घरी घ्यायच्या. सगळ्यांनी. आपापल्या आजोबांपासून सुरुवात करा.

सगळ्यांनी वाचलंय. उत्तर कोणीच दिलेलं नाही. मी विषय मागे घेणार नाही.