नाव लिहायची गरज नाही

मी मुळात भित्री. वर्गात पाल निघाली तरी मी पोरांना पुढं करते आणि आपण दाराबाहेर उभी राहते. पोरं ते घरी जाऊन तिखटमीठ लावून सांगतात. अशा बाईकडं शाळेतल्या मुलींच्या तक्रारींचं काम का आलं, तर आमच्या हायस्कुलात बाई शिक्षक मी एकटीच. शिरूर कासार तालुक्यातलं खेडं, खाजगी संस्थेची शाळा, मी मराठी शिकवणार. समितीची अध्यक्ष बाईच पाहिजे, असा कागद वरून आला. मुख्याध्यापकांनी तो माझ्याकडं सरकवला. "सही करा मॅडम, ह्यात काय काम नसतंय."

बीडला एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. छळ कशाला म्हणायचं, भेदभाव कशाला म्हणायचं, सगळं फळ्यावर लिहून दाखवलं. एक गोष्ट तिथल्या वकीलबाईंनी तीनदा सांगितली. मुलाला त्रास होतोय हे शिक्षकाला कळलं की पोलिसांना कळवायचंच. झाकून ठेवणाराही गुन्हेगार. मी त्या वाक्याखाली रेघ मारली आणि जेवायला गेले.

परत येऊन पत्र्याची पेटी करून घेतली. तिला कुलूप लावलं, किल्ली माझ्याकडं. पेटी पाण्याच्या टाकीजवळ टांगली आणि परिपाठाला उभी राहून मी सांगितलं, "मनात असेल ते लिहा. नाव लिहायची गरज नाही." हे वाक्य मला फार आवडलं होतं. दोन-तीन परिपाठांना मी ते पुन्हा पुन्हा म्हटलं.

काय म्हणावं माझ्या अकलेला! आम्ही मास्तर लोक पोरांना तोंडावरून नंतर आणि अक्षरावरून आधी ओळखतो. एखादं पान वाऱ्यानं स्टाफरूममध्ये उडून आलं, तर ते कुणाचं हे कुणीही मान वर न करता सांगेल. शाळा आहेच केवढी!

पहिले काही महिने बरे गेले. मुलींच्या संडासात पाणी नाही, अशी चिठ्ठी आली, पाणी आलं. ऊसतोडीहून परतलेल्या पोरांना वर्गात "पाहुणे" म्हणून चिडवतात आणि खिचडीला वेगळं बसवतात, अशी आली. मी दोघातिघांचे कान उपटले आणि बसायच्या रांगा बदलल्या. जमतंय की आपल्याला, असं वाटून मी जरा ताठ चालायलाही लागले होते.

पेटी शनिवारी, सकाळची शाळा सुटली की, मुख्याध्यापकांच्या खोलीत समितीसमोर उघडायची असा नियम. समितीत मुख्याध्यापक, मी, गावातल्या अंगणवाडीताई, आणि शिक्षकांचे प्रतिनिधी म्हणून विज्ञानाचे सर. सरांचा आवाज खणखणीत. म्हणून चिठ्ठ्या तेच मोठ्यानं वाचत आणि नोंदवहीत चिकटवत. शिकवण्यात हुशार माणूस, गावात मान, शिवाय संस्थेच्या अध्यक्षांचे साडू.

डिसेंबरातला एक शुक्रवार होता. मधल्या सुट्टीत बघते तर एक चिठ्ठी पेटीच्या फटीत अर्धी बाहेर अडकलेली. नीट आत ढकलावी म्हणून मी कुलूप काढलं. घडी उलगडली गेली आणि नजर पडलीच.

"विज्ञानाचे सर प्रयोगवही तपासायला मला एकटीला प्रयोगशाळेत थांबवतात. दार लावून घेतात. हात धरतात, सोडत नाहीत. मला भीती वाटते. घरी सांगू नका. शाळा बंद करतील."

नाव नव्हतं. लागणारही नव्हतं. नववीतली ही पोर अक्षरांवर रेघ देता देता लिहीत नाही. आधी आख्खी ओळ बोडकी लिहिते आणि मग वरून पट्टीनं एकच सरळ रेघ मारते. "घर बांधून वर पत्रे टाकतीस का गं?" असं मी तिला चिडवत असे. आख्ख्या शाळेत असं लिहिणारी ती एकटी. आणि सर दोन वर्षं तिच्या वह्या तपासत होते. उद्या तीच चिठ्ठी त्यांच्याच हातात पडणार होती.

टाकीच्या कठड्याला धरून मी उभी राहिले, पोरं पाणी पीत होती, एकानं विचारलं, "बाई, चक्कर आली का?"

तिचे आईबाप कोल्हापूरकडं ऊस तोडायला गेलेले. ती गावात चुलतीकडं राहून शिकत होती. आमच्याकडं नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. मुकादमाला जोडी लागते. पोरीच्या नावाची गावात जरा कुठं चर्चा झाली की तिचं दप्तर खुंटीला जातं, लग्न लागतं आणि पुढच्या हंगामात एक जोडी वाढते. असल्या किती पोरींची नावं मी हजेरीतून कमी केली आहेत. "शाळा बंद करतील" हे तिनं उगाच लिहिलं नव्हतं.

त्याच क्षणी मला पोलीस ठाण्यात जायला हवं होतं. रेघ मारलेलं वाक्य मला पाठ होतं. पण माझ्या नोकरीची मान्यता संस्थेच्या ठरावासाठी अडकलेली होती, आणि ठराव सरांच्या साडूंच्या हातात. मी ठरवलं की चिठ्ठी वाचली गेली तर सर घाबरतील, मुख्याध्यापक त्यांना समज देतील, पोरीचं नाव कुठं येणार नाही आणि माझंही. सगळ्यांचं सगळं झाकून राहील. भित्र्या माणसाला असल्या युक्त्या फार पटकन सुचतात.

ग्रंथालयाची खोली आतून लावून मी त्या चिठ्ठीची नक्कल केली. अक्षर तिरकं काढलं, वहीचं पान फाडून वापरलं. घरचं आणि शाळा बंद करण्याचं वाक्य गाळलं, कारण त्यावरून ऊसतोडीच्या घरची पोर कळली असती. नक्कल पेटीत टाकली आणि खरी चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. त्या दिवशी पर्स मी कुठंही खाली ठेवली नाही.

शनिवारी पेटी उघडली. आत तीन चिठ्ठ्या. पहिली फुटबॉलची, दुसरी कुणाच्या तरी चोरलेल्या कंपासपेटीची. तिसरी सरांनी उलगडली आणि त्याच खणखणीत आवाजात सुरुवात केली, "विज्ञानाचे सर..." आणि थांबले. पुढचं त्यांनी मनात वाचलं. मी टेबलावरच्या काचेखालचं वेळापत्रक बघत बसले.

सर हसले. चिठ्ठी मुख्याध्यापकांसमोर ठेवून म्हणाले, "हे पोरीचं अक्षर न्हाई सर. आपल्या एकाबी पोरीचं न्हाई. मोठ्या माणसानं मुद्दाम तिरकं काढलंय."

मुख्याध्यापकांनी चष्मा लावला, वाचलं, अंगणवाडीताईंकडं सरकवलं. ताईंनी हात लावला नाही.

"लई गंभीर हाय हे," मुख्याध्यापक म्हणाले. तक्रार गंभीर असं मला वाटलं. त्यांना अक्षर म्हणायचं होतं. त्यांनी घंटी वाजवून शिपायाला सांगितलं, "नववी-दहावीच्या पोरींना थांबवून घे. वह्या घेऊन एकेक आत पाठव. मिळवून बघू."

दाराबाहेर लगेच चपलांचा आवाज सुरू झाला. घरी निघालेल्या पोरी परत व्हरांड्यात येत होत्या. अक्षर कुणाचंच जुळणार नाही, हे मला माहीत होतं. पण ती पोर सरांसमोर वही घेऊन उभी राहिली असती आणि टेबलावर आपलीच वाक्यं दुसऱ्याच अक्षरात बघितली असती, तर तिचं तोंडच सगळं सांगणार होतं. मला धीर आला, असं मी म्हणणार नाही. मला फक्त त्या चपला थांबायला हव्या होत्या.

"अक्षर माझं आहे," मी म्हणाले.

सर शांतपणे म्हणाले, "मराठीच्या बाई तुमी. निबंध चांगला लिहिलाय."

"पोरगी कोन?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"सांगणार नाही."

"म्हंजे पोरगीच न्हाई." त्यांनी शिपायाला हातानंच खूण केली. पोरींना सोडून दिलं गेलं, तेवढं मी ऐकलं. अंगणवाडीताई "माझी अंगणवाडी उघडी हाय" म्हणत उठल्या आणि गेल्या. मुख्याध्यापक माझ्याकडं वळले. "सोमवारी सकाळी एक तर पोरीचं नाव द्यायचं, न्हाई तर लेखी माफी. आन् मॅडम, तुमची मान्यता कुनाच्या हातात हाय ते इसरू नका."

घरी नवऱ्याला सांगितलं. तो पानावर हात तसाच ठेवून म्हणाला, "कावून पडतीस ह्यात? आपल्याला पोरं हायेत." मला त्याचा राग आला नाही. दिवसभर मीसुद्धा स्वतःला तेच सांगत होते.

तरी रविवारी मी त्या पोरीकडं गेले. का गेले, ते खरं सांगायचं तर माफी लिहायला बसले होते आणि हात चालेना म्हणून. ती चुलतीच्या रानात कापूस वेचत होती. मला बघितल्यावर तिनं ओटीतला कापूस घट्ट धरला. चुलती चहाला म्हणून घराकडं गेली तसं मी तिला सगळं सांगितलं. नक्कल, शनिवार, सगळं. आणि हेही, की आता पोलिसांकडं जावंच लागेल, तुझ्या आईला सांगावं लागेल आणि तुला बोलावं लागेल.

ती रडली नाही. माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "तुमी म्हनल्या होत्या नाव लागत न्हाई."

"चुकलं माझं."

"म्हनून लिहिलं मी. न्हाई तर लिहिलंच नसतं."

तिनं ओटीतला कापूस गाठोड्यात टाकला. मग तीच म्हणाली, "आईला सांगा. बापूला नका." चुलती आल्यावर पोरीनं तिचा मोबाईल मागून घेतला, मला बांधावर नेलं आणि स्वतःच नंबर लावून दिला.

पलीकडं ट्रॅक्टर चालू होता. आईनं दोनदा "कोन? कोन?" केलं. मी तीनदा सुरुवात केली, तिसऱ्यांदा बोलणं पुरं झालं. मग नुसता ट्रॅक्टरचा आवाज. आता ती म्हणणार, उद्याच्या गाडीनं पोरीला इकडं धाडा. एवढं एकच वाक्य माझ्या डोक्यात घुमत होतं. ते आलं की माझ्या पेटीनंच पोरीची शाळा संपवली असती.

"तिला शाळंतून काढनार का तुमी?" आईनं विचारलं.

"नाही, नाही. अजिबात नाही."

"मंग तुमचा आवाज कावून कापतोय?"

"मला भीती वाटते, ताई," मी म्हणाले. ती चिठ्ठी वाचल्यापासून हे मी कुणाला म्हटलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही.

"तिचं नाव लिहून घेतील का?"

"घेतील. पण ते बाहेर सांगायला बंदी आहे."

ती म्हणाली, "मी येते. आज निघाले तर उद्या पोचते. तवर एकट्या ठान्यात जाऊ नका." फोन ठेवताना तिनं पोरीशी बोलायचंसुद्धा मागितलं नाही. मला वाटतं, पोरीचा आवाज ऐकला असता तर तिला तिथंच खाली बसावं लागलं असतं.

सोमवारी मी शाळेत गेले नाही. दुपारी स्टँडवर ती एसटीतून उतरली. साडीवर कामावरचाच शर्ट, बोटं उसाच्या पाल्यानं चिरलेली. नवऱ्याला तिनं एवढंच सांगितलं होतं की पोरीच्या शाळेचं काम निघालंय. आम्ही तिघी तालुक्याच्या ठाण्यात गेलो. बाकावर पोर मध्ये बसली होती आणि आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना. माझे पाय एवढे थरथरत होते की बाक वाजत होता. आईनं पोरीच्या पाठीमागून हात घालून माझ्या खांद्यावर ठेवला. महिला पोलीस आली, मी पर्समधून खरी चिठ्ठी काढून तिच्यापुढं ठेवली आणि खबर देणारी म्हणून माझं नाव सांगितलं. नक्कल का केली, हे तिनं दोनदा विचारलं. मी दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा ते ऐकायला फार वाईट वाटलं.

पुढं सर निलंबित झाले, नंतर अटकही झाली. खटला चालू आहे. माझी मान्यता आहे तिथंच आहे. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची बरेच दिवस मोकळी राहायची. रस्त्यात मोटारसायकल मागून हळू झाली की मी अजूनही कडेला थांबते आणि ती पुढं जाऊ देते. पण ह्यातलं काही मला त्या पोरीच्या आईच्या शेवटच्या बोलण्याएवढं लागलेलं नाही.

पंधरा दिवसांनी ती दाखला न्यायला आली. अंबाजोगाईला तिची बहीण राहते, तिच्याकडं पोरीला ठेवून तिथल्या शाळेत घालायचं तिनं ठरवलं होतं. पोर बाहेर व्हरांड्यात दप्तर घेऊन उभी होती, आत आली नाही. मुख्याध्यापक त्या दिवशी फार गोड बोलत होते. बसायला खुर्ची दिली, चहा मागवला.

"कशाला नेताय आता हितून?" ते म्हणाले. "सर तर गेले. आता काय भ्याव न्हाई."

तिनं चहाचा कप खाली ठेवला. आवाज चढवला नाही, पदर सारखा केला आणि म्हणाली, "सर गेले. तुमी सगळे हायेत की."

मी शेजारच्याच खुर्चीवर होते. त्यात मी नाही, असं म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. वर्गशिक्षिका म्हणून मी दाखल्यावर सही केली आणि तो तिच्या हातात दिला.