जरा मत हवं होतं

काकासाबांनी उभ्या आयुष्यात कुणाकडे मदत मागितली नाही. ते मत मागत. थंडीच्या दिवसांत पहाटे आमच्या दाराची कडी हलकेच वाजे. उघडून पाहावं तर बंद गळ्याचा कोट, कानटोपी आणि हातात टॉर्च अशा थाटात काकासाब उभे. "जोशीजी, जागेच होतात ना? जरा मत हवं होतं."

मत हवं असे ते त्यांच्या पिकअपबद्दल. रात्रभर गल्लीत गारठलेली ती गाडी पहाटे सुरू व्हायला तयार नसे.

इंदूरच्या दर मराठी घरात दरबारात खुर्ची असलेला एक पूर्वज असतो. एवढ्या खुर्च्या मांडल्यावर राजाला बसायला जागा कुठे उरत असेल, हा प्रश्न मला लहानपणापासून पडत आला आहे. काकासाबांच्या पणजोबांनाही खुर्ची होती. खुद्द काकासाबांना मिलच्या लेबर ऑफिसात एक स्टूल होतं, पण त्यावर ते खुर्चीसारखेच बसत. मिल बंद झाली त्याच वर्षी काकी गेल्या. "त्या वर्षी जरा गडबड झाली," एवढंच ते म्हणत. कुठली गडबड, ते ऐकणाऱ्याने ठरवायचं.

देशाचा बाजार नुकताच उघडला होता. भाषणांतून परदेशी गाड्या येत होत्या. आमच्या गल्लीत आली ती काकासाबांची जुनी डिझेल पिकअप. सांवेर रोडच्या एका बेकरीचा ब्रेड उजाडायच्या आत दुकानांवर पोचवायचा, हे काम त्यांना मिळालं. बेकरीवाल्याची अट एकच: उशीर झाला की दुसरी गाडी. मिलचा भोंगा थांबल्यापासून गल्लीला उठवणारं कुणी उरलं नव्हतं. ते काम पिकअपच्या सेल्फ-स्टार्टरने घेतलं. तो दम लागल्यासारखा घरघरे, थांबे, पुन्हा घरघरे. आणि मग आमची कडी वाजे.

पिकअपभोवती सभा भरायची. शेजारचे शर्माजी पूर्वी मिलच्या सूतखात्यात होते. ते रजईसकट येत आणि गाडीकडे न बघता निकाल देत, "बैटरी बैठ गी, काकासाब." समोरचा सलीम वर्कशॉपमध्ये टर्नर. तो मागे जाऊन वाकून बघे. "नी शर्माजी, धुआँ देखो. सफेद आ रिया है. मतलब डीजल तो जा रिया है, गर्मी नी मिल री. हीटर गए इसके." मी इंजिनाबद्दल फक्त वाचलेलं असल्यामुळे माझं मत सगळ्यांत लांब असे. काकासाब प्रत्येकाचं ऐकून घेत, मान डोलावत, आणि शेवटी म्हणत, "म्हणजे सर्वांचं असं म्हणणं आहे तर." मग शर्माजी रजई ओट्यावर ठेवत. आम्ही तिघे सहज टेकल्यासारखे गाडीच्या मागच्या फळीला टेकत असू आणि गाडी पुढे सरकू लागे. धक्का हा शब्द कुणी उच्चारत नसे. कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत इंजिन खोकून पेट घेई, आणि खिडकीतून काकासाबांचा हात बाहेर येई, हत्तीवरून यावा तसा.

आभार मानण्याचा प्रश्नच नव्हता. मत देणाऱ्याचे कोणी आभार मानतं का? मात्र दुपारी परतल्यावर तिन्ही घरी एकेक ब्रेड पोचत असे. "आज जरा कडक वाटतो का? चाखून सांगा." आमच्या घरी इतका ब्रेड चाखला गेला की मुलं पोळीला भाजलेला ब्रेड म्हणू लागली.

एका हिवाळ्यात सलीमने रविवारी बसून हीटर बदलले, बॅटरीची टोकं घासून दिली, आणि पिकअप शहाण्यासारखी पहिल्या चावीला सुरू होऊ लागली. गल्ली उन्हं येईपर्यंत झोपू लागली. आठवडाही झाला नसेल, तोच पहाटे कडी वाजली. बाहेर पिकअप व्यवस्थित चालू होती. शर्माजी आणि सलीमही डोळे चोळत उभे होते.

"सुरू होते," काकासाब म्हणाले, "पण आवाज बरोबर आहे का? जरा मत हवं होतं."

आम्ही चौघे थंडीत उभे राहून चांगल्या इंजिनाचा आवाज ऐकत राहिलो. शेवटी शर्माजी म्हणाले, "काकासाब, चल तो री है ना?"

"हओ, चालते आहे."

"तो फिर चलने दो ना."

काकासाबांनी "बरोबर आहे" म्हणत कोटाचं वरचं बटण लावलं, जे आधीच लावलेलं होतं. त्यानंतर त्या हिवाळ्यात कडी वाजली नाही.

पुढे गल्लीच विरळ होत गेली. शर्माजी घर विकून भोपाळला मुलाकडे गेले. सलीमचं वर्कशॉप बंद पडलं, तो खजरान्याच्या पलीकडे कुठेतरी राहायला गेला. तेवढ्यात हीटर पुन्हा गेले. दुसऱ्या मिस्त्रीला दाखवा म्हटलं, तर काकासाब म्हणाले, "सलीमचं मत घेतल्याशिवाय दुसऱ्याला हात कसा लावू द्यायचा?"

मग एका पहाटे कडी वाजली, आणि सभेला मी एकटाच होतो. मी माझं मत दिलं, टेकलो, आणि गाडी हलली नाही. काकासाब खाली उतरले. एक हात स्टिअरिंगवर ठेवून दारातूनच ते रेटू लागले, मी मागून. आम्ही दोघेही रेटत होतो आणि दोघांपैकी कुणीही तसं म्हणत नव्हतो. पिंपळ होता तिथेच राहिला. उजाडल्यावर दोन रिक्षावाले मिळाले, तोवर दुकानं उघडली होती. बेकरीवाल्याने त्यांना दारातच सांगितलं, "काकासाब, ये आखिरी बार."

दुसऱ्या दिवसापासून पिकअप गल्लीत दिसेना. मला वाटलं, विकली. पण ब्रेडच्या वासाचा कोट पहाटे दारावरून जात असे, आणि आमच्या कडीला हात लागत नसे.

पुढच्याच थंडीत माझी जबलपूरला बदली झाली. सामान स्टेशनवर नेण्याचा विषय निघताच काकासाब म्हणाले, "आपली गाडी असताना टेम्पो?" निघायच्या दिवशी बेकरीची सुट्टी होती. पहाटे ते गाडी आणायला निघाले, तसा मीही सोबत निघालो. गल्ली संपली, चौक गेला, तरी ते चालतच होते. रेल्वेपुलाच्या चढावर, अगदी माथ्याजवळ, तोंड खाली करून पिकअप उभी होती. पुढच्या चाकाखाली मोठा दगड होता. दगडाला सुतळीची दोरी बांधलेली, आणि दोरीचं दुसरं टोक ड्रायव्हरच्या खिडकीतून आत सोडलेलं. आत बसून दोरी ओढली की दगड निघे, गाडी आपल्याच वजनाने सुटे, आणि दुसऱ्या गिअरमध्ये पूल संपेपर्यंत सुरू होई.

"रोज इतकं चालत येता?"

"उतारावर उभी केली, की कुणाला विचारावं लागत नाही," ते म्हणाले.

नवीन यंत्र दाखवावं तसं त्यांनी ते सांगितलं.

ते आत चढले, ब्रेकवर पाय दिला, दोरी हातात घेतली. मग थोडा वेळ ती तशीच धरून बसले, आणि खिडकीतून माझ्याकडे पुढे केली.

"आज तुम्ही काढा."

मी दोरी ओढली. दगड बाजूला झाला, पिकअप आवाज न करता उतरू लागली आणि खाली धुक्यात गेल्यावर खोकून सुरू झाली. हात बाहेर आला नाही. ते थांबून माझी वाट पाहत होते. मी दगड उचलला आणि तो घेऊनच उतरू लागलो.

"तिथेच ठेवा, जोशीजी," खालून आवाज आला. "संध्याकाळी लागेल."