ईनबाई आणि राखेतलं बी

आमच्या ईनबाईंना, म्हणजे माझ्या सुनेच्या आईला, देवानं तोंड दिलं ते फक्त प्रश्न विचारायला. उत्तर नावाची गोष्ट त्या तोंडातून निघालेली अल्लीपुरात कोणी ऐकलेली नाही. दूधवाल्यानं सहज म्हटलं, 'चहा झाला का, काकू?' तर त्या म्हणणार, 'तुमाले काय वाटते?' आता त्या माणसाच्या एका हातात माप, दुसऱ्या हातात कॅन, अजून अर्धं गाव बाकी. त्याला काय वाटणार? पण सुटका नाही. 'माह्या हाताकडे पाहा. ओला आहे का? आत पातेलं वाजून राह्यलं का? वास येते का? मंग सांगा.' तो बिचारा पाहतो, कान देतो, नाक वर करून वास घेतो आणि म्हणतो, 'झाला असन.' 'चुकलं!' असं म्हणून त्या खूश होऊन आत जातात आणि त्याच्यासाठीही अर्धा कप टाकतात. माझा चहा मग उशिरा होतो.

पुलगावला त्यांनी जन्मभर बालवाडी सांभाळली. नोकरी संपली, खोड नाही संपली. माझी बायको उन्हाळ्यात गेली. घरात बोलायला माणसं होती, मुलगा होता, सून होती, चार वर्षांची नात मनू होती. पण भांडायला कोणी राहिलं नव्हतं. सून दिवसभर दुकानात, मुलगा हिंगणघाटला, आणि मी मनूला सांभाळायचं म्हणजे मनूनंच मला सांभाळायचं. म्हणून सुनेनं आईला चार दिवस बोलावलं. मुलीच्या घरी आईनं मुक्काम ठोकू नये ही आमच्याकडची रीत. ईनबाई ती कडक पाळतात. रोज सकाळी उठून पिशवी भरतात, दाराशी ठेवतात आणि म्हणतात, 'मी आता जातो बाप्पा.' संध्याकाळी पातळ लागतं म्हणून पिशवी सोडतात. चहापत्ती अन् साखर त्यांनी पुलगावहून स्वतःची आणलेली. ती कधीच संपली, पण रिकामा डबा अजून त्यांच्या नावानं वेगळा ठेवलेला आहे.

आल्या त्या तान्ह्या पोळ्याला. मोठा पोळा बैलांचा, दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा लेकरांचा. लाकडाचा चाकवाला बैल सजवायचा, दारोदार न्यायचा, खाऊ मागायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. गल्लीतली लेकरं बैल घेऊन दारात आली, तर ईनबाईंनी खाऊचा डबा मांडीखाली दाबला आणि म्हणाल्या, 'पह्यले सांगा, कोणाचा बैल सगळ्यात लांब जाते?' झालं. माझा जेवायचा पाट दोन विटांवर तिरपा लागला आणि त्यावरून एकेक बैल सुटायला लागला. कधी फरशीवर, कधी पोत्यावर, कधी वाळूत. किराणावाल्याच्या पोराचा बैल नागपूरहून आणलेला, घोड्याएवढा, गळ्यात घंटा. तो पाटाखाली उतरला आणि तिथंच बसला. समोरच्या टेलरच्या पोरीचा रंग उडालेला बैल मात्र अंगण ओलांडून थेट माझ्या बंगईखाली, म्हणजे झोपाळ्याखाली. किराणावाल्याच्या पोरानं जो भोंगा काढला! दुसरी कोणी असती तर पेढा देऊन गप्प केलं असतं. ह्या म्हणाल्या, 'रडनं मंग करजो. काऊन थांबला ते पाह्य.' पोरगं हुंदके देत बैल उलटा करून पाहायला लागलं. चाकात गोंडा गुंतला होता. गोंडा काढला, बैल धावला, गटारात गेला. सगळे खूश.

तेव्हापासून आमचं अंगण आमचं राहिलं नाही. मुंग्यांना काय आवडतं ते पाहायला चार कोपऱ्यांत गूळ, मीठ, तिखट आणि पीठ मांडलं, आणि मुंग्यांची वाट मोडू नये म्हणून मला संडासला शेजाऱ्याच्या घरातून जायला लावलं. एक दिवस सकाळी मला, म्हणजे आपल्या व्याह्याला, म्हणाल्या, 'इवाईबुवा, जरा उनात उभे राह्यता का?' मी म्हटलं, म्हातारपणी ऊन घ्यावं म्हणतात, काळजी करतात बिचाऱ्या. उभा राहिलो, तर लेकरांनी चुन्यानं माझ्या सावलीभोवती रेघ ओढली आणि जागेला खूण केली. दुपारी पुन्हा उभं केलं, उन्हं कलल्यावर पुन्हा. सकाळी अंगणभर लांब असलेला मी दुपारी पायाशी गोळा झालेला पाहून टेलरची पोरगी म्हणाली, 'आबा आटला!' रस्त्यानं जाणारा माझा जुना दोस्त, कापसाच्या जिनिंगात माझ्याबरोबर गठाणी उचललेला, थांबून म्हणाला, 'काय गा, शिक्षा झाली का?' मी म्हटलं, 'घड्याळ झालो. तू जाय.'

दातांचा किस्सा तर सांगायलाच पाहिजे. दुपारी मी झोपलो की माझी कवळी पेल्यात असते. एकदा जाग आली ती 'बुडाली! बुडाली!' या ओरड्यानं. घरात लहान पोर, दारात पाण्याचा टब. तसाच बोडक्या तोंडानं धावलो. टबाभोवती लेकरांचं कोंडाळं. पाण्यावर माझी चप्पल, साबणाची डबी आणि एक वांगं तरंगत होतं. तळाला बटाटा, सांडशी आणि शेजारी माझी कवळी, हसत. मी जे काही बोललो ते दात नसल्यामुळे वायाच गेलं. ईनबाईंनी शांतपणे लेकरांना विचारलं, 'आबाचा खरा दात तरंगला असता का?' सगळ्यांनी माझ्या तोंडात डोकावून खरा दात शोधला. एक सापडला. तो काढून देता येणार नाही म्हटल्यावर फार नाराजी झाली. त्याच दिवशी माझ्याशी संत्र्यावरून पैज लावली. सालासकट संत्रा पाण्यात टाकला, तरंगला. मी म्हटलं, सोललेला हलका होतो, तो जास्तच तरंगन. सोलून टाकला, तर दगडासारखा खाली. मी म्हटलं हा नासका असेल. दुसरा, तिसरा, सगळी टोपली सोलून झाली. हरल्याबद्दल सगळे ओले संत्रे मलाच खावे लागले.

गळ्यात त्यांच्या काळ्या दोऱ्यात भिंग असतं. भाकरीसुद्धा आधी भिंगातून पाहतात, मग खातात. एकदा माझ्या टाचेची भेग पाहून म्हणाल्या, 'इवाईबुवा, इथं एक मुंगी सहकुटुंब राहू शकते.'

एवढं सगळं मी चालवून घेतलं. पण एक दिवस त्यांना वेलाचं बी लागलं. मटकी-मूग ओल्या फडक्यात बांधून झाले होते. आता त्यांना लेकरांना चढणारं काहीतरी दाखवायचं होतं. बाजारातलं बी आणलं, तर गुलाबी औषध लावलेलं. ते लेकरांच्या हातात द्यायचं नाही, तोंडात घालतात, म्हणून पुडी उचलून माळ्यावर टाकली. तेव्हा मनू म्हणाली, 'आजीच्या गाडग्यात बी आहे ना.'

आहे. माझी बायको वालाचं बी बाजारातून कधी आणत नसे. माहेराहून आणलेला वाल दरवर्षी लावायची, दरवर्षी त्यातलं बी राखेत घोळून गाडग्यात भरायची, तोंडाला फडकं बांधून फळीवर ठेवायची. शेवटचं गाडगं तिनं भरलं आणि उन्हाळ्यात गेली. पावसाळ्यात सून म्हणाली, 'मामाजी, वाल लावू का?' मी म्हटलं, 'हात लावाचा नाई.' सून समजली मी दुःखानं म्हणतो. दुःख होतंच, पण खरी गोष्ट वेगळी होती. मला भीती होती. गाडग्यात आहे तोवर आहे. लावलं आणि उगवलंच नाही, तर तेही गेलं.

ईनबाई ओसरीवर येऊन माझ्यासमोर खाली बसल्या. म्हणाल्या, 'त्या गाडग्यातलं बी जित्तं आहे का?'

मी म्हटलं, 'तुमी तुमची पोरगी दिली आमाले, हुकूम नाई दिला.' मी असाच बोलतो. बायकोनं जन्मभर ऐकून घेतलं. ह्यांनीही घेतलं.

'मेलं असन तर?'

'तर राहू द्या मेलेलं.'

'अन् जित्तं असन तर?'

जिवंत बी फळीवर ठेवून ठेवून मारायचं, हे माझ्या बायकोला आवडलं असतं का? दुसऱ्या दिवशी मीच गाडगं खाली काढलं. फडकं सोडलं, राखेत बोटं घातली. ईनबाईंनी भिंग माझ्या डोळ्यापुढं धरलं. दोन-चार दाण्यांना बारीक भोकं पडली होती, सोंड्या किडा आत शिरला होता. 'पुढच्या साली याचं पीठच राहीन,' मी म्हटलं, आणि गाडगं त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी अर्धंच घेतलं. 'अर्धं ठेवा. आपण चुकलो तर?'

लेकरांनी नारळाच्या करवंट्यांत माती भरली, एकेकानं एकेक बी लावलं. मनूनं हट्टानं एक करवंटी मला दिली. आणि मग रोज सकाळी करवंट्या उकरलेल्या दिसायला लागल्या. माती इकडे, बी तिकडे. ईनबाईंनी चौकशी बसवली. लेकरांना रांगेत उभं केलं आणि भिंग घेऊन प्रत्येकाची नखं तपासली. सगळ्यांची स्वच्छ. ईनबाई बुचकळ्यात पडल्या. मनू म्हणाली, 'आबाचे नखं पाहा.'

पाहिली, मातीनं भरलेली. मग काय होणार? लेकरं पोट धरून हसत होती, आणि किराणावाल्याचं पोरगं म्हणालं, 'आबाले बाहेर उभं करा!' ईनबाई रागावल्या नाहीत. आत गेल्या, काचेचा ग्लास आणला, त्यात ओला कापूस भरला, माझं बी काच आणि कापसाच्या मधोमध दाबलं आणि ग्लास माझ्या बंगईसमोर ठेवला. 'आता उकरायचं काम नाई. बसा अन् पाहा.'

बसलो. दुसरं काय काम होतं? बी फुगलं, त्याच्या सालीला सुरकुत्या आल्या, साल फाटली. एका सकाळी त्यातून पांढरं टोक बाहेर आलेलं. 'ईनबाई! निंघालं!' असा मी ओरडलो की शेजारची माणसं काठी घेऊन आली, त्यांना वाटलं साप. ईनबाई पिठाच्या हातानं धावल्या. पाहिलं आणि काय म्हणाल्या? 'वर जाऊन राह्यलं का खाली?'

'खाली.'

'ग्लास आडवा केला तर?'

'हात तर लावून पाहा तुमी!'

सगळंच उगवलं नाही. काही बिया सडल्या. ईनबाईंनी त्या लपवून फेकल्या नाहीत, ताटलीत मांडून लेकरांना दाखवल्या. वासानं लेकरांनी नाकं धरली. मनूनं विचारलं, 'आजी, हे आता नाई उगणार?' मला वाटलं आता ह्या उलट विचारतील. त्या म्हणाल्या, 'नाई, बेटा.' तेवढं एकच उत्तर मी त्यांच्याकडून ऐकलं. मग त्या बिया लेकरांनीच खताच्या खड्ड्यात नेऊन टाकल्या.

उगवली ती रोपं लेकरं आपापल्या घरी घेऊन गेली. कोणाचा वेल तुराट्यांच्या कुंपणावर चढला, कोणाचा डिशच्या तारेवर. टेलरच्या दारात तर शिलाई मशीनजवळच्या खिडकीवर. जांभळी फुलं आली. गल्लीत जाताना मला आता मान वर करावी लागते. शेंगा धरल्या तेव्हा लेकरांना मी एक काम शिकवलं, ते ईनबाईंनाही माहीत नव्हतं. खालच्या भरदार शेंगा तोडायच्या नाहीत, बियाला सोडायच्या आणि ओळखू यावं म्हणून त्यांना चिंधी बांधायची. लेकरांना घेऊन घरोघरी गेलो, चिंध्या बांधत. ईनबाई पिशवी हातात घेऊन, 'मी आता निंघतो' म्हणत मागून फिरल्या.

परवा दुपारी आम्ही दोघं ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. समोरून टेलरच्या बायकोचा आवाज आला. ती नवीन, समुद्रपूरकडची, पावसाळ्यातच इथं राहायला आली. माझ्या बायकोला तिनं पाहिलेलंसुद्धा नाही. पोरीला दटावत होती, 'ए बाई, चिंधीच्या शेंगेले हात नको लावू वं! ते पुढच्या सालचं जेवन आहे!'

माझा हात थांबला.

ईनबाई म्हणाल्या, 'काय झालं?'

'हे आमच्या बायकोचं बोलनं आहे. शब्दाले शब्द. असंच म्हणे ते.'

'हिनं कुठून ऐकलं?'

'काय माहीत.'

त्यांनी शेंग मोडली, दाणे सुपात टाकले. 'चिंध्या बांधताना पोरांले काय सांगतलं तुमी?'

मी आठवून पाहिलं. मी तर फक्त शेंगांचं सांगितलं होतं. पण सांगितलं असेल तिच्याच शब्दांत. इतकी वर्षं एका चुलीवर जेवलो, तिचं बोलणं कोणतं आणि माझं कोणतं, हे कुठं वेगळं काढून ठेवलं होतं? पोरीनं ते ऐकलं असेल, घरी जाऊन आईला सांगितलं असेल.

समोर पोरगी काही ऐकत नव्हती, म्हणून तिच्या आईनं पुन्हा एकदा तसंच, तेवढंच लांबवून दटावलं. मी सोलायचं थांबवून ते पूर्ण ऐकून घेतलं. ईनबाईंनी माझ्या पुढ्यातल्या शेंगा आपल्याकडे ओढल्या आणि सोलायला घेतल्या.