सव्विसावं नाव

ज्योत्स्ना बोदवडच्या जिनिंगमध्ये लागली ती वजनकाट्यावर पावत्या लिहायला. पुढे संगणक आले आणि बंद पडायला लागले. बंद पडलेला संगणक सुरू करणारी ती एकटीच निघाली, म्हणून ‘सिस्टीम’ तिच्याकडे आली. बी.ए.ला तिचा विषय भूगोल होता.

ऑगस्टमध्ये जुना सर्व्हर शेवटच्या घटका मोजायला लागला. मालक रुपचंदभाऊंनी तिला बोलावलं.

“जळगावचा माणूस म्हणतो, नव्या सर्व्हरच्या सॉफ्टवेअरची डेटासेंटर आवृत्ती घ्या.”

“ती कशासाठी असते, सांगितलं का त्यानं?”

“सगळ्यात वरची आहे, असं सांगितलं.”

ज्योत्स्नाने तीन दिवस वाचन केलं आणि चौथ्या दिवशी सांगितलं, “भाऊ, एका सर्व्हरच्या पोटात पन्नास सर्व्हर चालवायचे असतील, तर डेटासेंटर. आपल्याला एकच चालवायचाय. स्टँडर्ड पुरेल. त्याच्याखाली स्वस्तातली इसेन्शियल्स आहे, पण त्यात पंचवीसच माणसं बसतात.”

“आपली किती?”

“यादीत एकतीस.”

“कमी करा,” भाऊ म्हणाले. सगळ्यात वरची आवृत्ती मागणारा माणूस आता सगळ्यात खालचीवर अडून बसला.

“भाऊ, उद्या एक माणूस वाढला तरी स्टँडर्ड घ्यावंच लागेल.”

“वाढला तर बघू.”

ज्योत्स्ना यादी घेऊन जिनिंगभर फिरली. तिघं नोकरी सोडून गेले होते. ‘टेस्ट’ आणि ‘टेस्ट नवीन’ नावाचं कुणी नव्हतंच. कापसाच्या गाठी मोजणारा मगननाना दिवसातून एकदाच संगणकाला हात लावायचा. तिने त्याच्या नावापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. मगननाना धुळ्याकडचा. तो म्हणाला, “मनं नाव काबर काढी ऱ्हायनी, ताई? मी आजून जित्ता शे.”

प्रश्नचिन्ह तिने खोडलं. सव्वीस राहिले.

सव्विसावं नाव झुलालआबांचं होतं. आबा म्हणजे भाऊंचे वडील. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. तरी सर्व्हरच्या नोंदीप्रमाणे त्यांच्या नावाने रोज सकाळी साडेआठला कुणीतरी आत शिरत होतं, शिल्लक गाठींचा आकडा बघत होतं आणि बाहेर पडत होतं. चोरी म्हणावी, तर काहीच बदललेलं नव्हतं. तिने कागद भाऊंपुढे ठेवला.

भाऊंनी चष्मा पुसला. “तो मीच आहे.”

ज्योत्स्नाने कागदावरून पेन्सिल उचलली.

“उघडलं की वर नाव येतं ना, ‘नमस्कार, झुलाल’. आबांना ते फार आवडायचं. म्हणायचे, मशीन मला ओळखतं.” ते खिडकीतून सरकीच्या ढिगाकडे बघत राहिले. “ते नका काढू.”

पण यादी सव्विसाचीच होती.

“मग तुमचं काढू?”

भाऊंनी कागद तिच्याकडे सरकवला. “काढा.”

तिने त्यांच्यासमोरच मालकाचं नाव खोडलं. इसेन्शियल्स आली, बसली आणि चालली.

दसऱ्यानंतर कपाशी यायला लागली. त्याच आठवड्यात कापसाची प्रत ठरवणारा किरण नावाचा नवा ग्रेडर रुजू झाला आणि संगणकावर आपलं नाव मागायला आला. ज्योत्स्नाने स्टँडर्डचा भाव मागवला. भाऊंनी सही केली.

“आता हवी तेवढी नावं बसतील, भाऊ. तुमचंही घालू?”

“नको,” ते म्हणाले. “माझं चाललंय.”