गवंडी आबांची जादा ओळ

दर रविवारी मतांगीकार म्हणताना आमच्या देवळातली, म्हणजे चर्चमधली, मंडळी एका ठिकाणी श्वास घेत असे, आणि नेमक्या त्याच ठिकाणी गवंडी आबा बोलत. मतांगीकार म्हणजे ख्रिस्ती माणूस कशाकशावर विश्वास ठेवतो, त्याची थोडक्या शब्दांत बांधलेली कबुली. ती सर्वांनी उभे राहून एका सुरात म्हणायची असते. त्यात ख्रिस्ताविषयी 'मरण पावला, त्याला पुरले' इथपर्यंत आम्ही सगळे एकत्र येत असू. पुढची ओळ 'तिसऱ्या दिवशी तो उठला'. या दोहोंच्या मध्ये, तिसऱ्या बाकाच्या कडेवरून, चुन्यासिमेंटने खरवडलेला एक आवाज यायचा : "तो अधोलोकात उतरला." अधोलोक म्हणजे मेलेल्यांचे ठिकाण. आमच्या छापील पुस्तकात ही ओळ नव्हती. आबा ती म्हणून होईपर्यंत साऱ्या मंडळीला थांबावे लागे, आणि ती थांबे. मात्र थांबणारा प्रत्येक जण मनात काहीतरी म्हणत असे, आणि ते बहुधा प्रार्थनेपैकी नसे.

आबा व्यवसायाने गवंडी. आमच्या गल्लीतल्या निम्म्या भिंती त्यांच्या हातच्या. कोणत्याही घरी गेले की पाणी घेण्याआधी ते बोटाच्या पेराने भिंत ठोकत. मी नगरात घर बांधले तेव्हा ठेकेदाराच्या देखत त्यांनी पुढच्या खोलीची फरशी ठोकत नेली आणि तीन ठिकाणी थांबले. "गुरुजी, ह्या तिगी पोकळ वाजत्यात. वरनं लई झ्याक दिसत्यात, त्यो भाग येगळा." ठेकेदार चिडून म्हणाला, "आबा, तुमचा कशावर विश्वास आहे का नाही?" आबा म्हणाले, "हाय की. ठोकून झाल्यावर." दोन वर्षांत त्या तिन्ही फरश्या उचकटल्या. तेव्हापासून मला त्यांच्याविषयी आदर वाटू लागला, आणि थोडी भीतीही. जो सगळ्यांना ठोकून पाहतो, त्याला आतून कोणी ठोकले आहे का, असा प्रश्न माझ्या शिक्षकी मनाला पडे.

दृढीकरणाचा वर्ग आबांकडे होता. बाप्तिस्मा बहुधा पाळण्यात होतो. मूल जाणते झाले की त्याने आपल्या तोंडाने विश्वास कबूल करायचा, त्याची तयारी या वर्गात चाले. तीस वर्षे आबांनी तो घेतला. बायको गेल्यावर आणि मुलगा पुण्याला स्थायिक झाल्यावर आठवड्यातला तोच एक दीड तास त्यांचा म्हणावा असा उरला होता. शनिवारी ते स्वतः वर्ग झाडत, बाक ओळंब्यात लावल्यासारखे लावत. त्यांची पद्धत एकच. ते एक गोष्ट सांगत आणि विचारत, "पाया का गिलावा?" नाताळचा तारा? मुले ओरडत, "गिलावा!" नवरीची पांढरी साडी? "गिलावा!" देव माणूस झाला? इथे मुले जरा सांभाळून म्हणत, "पाया." मग आबांचे ठरलेले वाक्य येई : "गिलावा पडला तर घर ओलं हुतं. पाया खचला तर घर जातं. पन गिलाव्याला शिव्या दिऊ नका, पावसात त्योच पुढं आसतो."

एकदा एका चुणचुणीत मुलीने विचारले, "आबा, तुमची ती जादा ओळ पाया की गिलावा?" आबा हसले नाहीत. "ते मी सांगनार न्हाई. तुजी तू ठोकून बघ." मुलीने घरी जाऊन हे जसेच्या तसे सांगितले. तिचे वडील आमच्या मंडळीचे सेक्रेटरी होते.

इथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण तो माहीत नसल्यानेच पुढचा गोंधळ वाढला. ख्रिस्ती असण्यासाठी नेमके काय मानलेच पाहिजे, हा वाद आमच्या गल्लीत सुरू झालेला नाही. पुत्र, म्हणजे ख्रिस्त, हा पित्याशी एकतत्त्व आहे की केवळ त्याच्यासारखा आहे, यावर पहिल्या काही शतकांत धर्मगुरू एकमेकांचे तोंड पाहीनासे झाले होते. नायसिया येथे सभा भरली, शब्द ठरले, आणि ज्यांना ते शब्द म्हणवेनात त्यांना दूर केले गेले. मतांगीकारातले कित्येक शब्द अशा कड्या आहेत : कोणीतरी बाहेर राहावा म्हणून लावलेल्या. अधोलोकाची ओळ मात्र वेगळ्या जातीची आहे. सर्वांत जुन्या मसुद्यांत ती आढळत नाही. पुढे ती आली, रुजली, मग कोणी तिचा अर्थ बदलला, कोणी ती गाळली. आमच्याकडे ज्यांनी पुस्तक आणले, त्यांच्या पुस्तकात ती नव्हती. एवढेच.

सेक्रेटरींना एवढेच पुरेसे वाटत नव्हते. ती ओळ कॅथलिकांच्या पुस्तकात आहे, आणि आम्ही तर प्रोटेस्टंट, हे त्यांनी शोधून काढले होते. शिवाय दरवर्षी गुड फ्रायडे आणि ईस्टर यांच्या मधल्या शनिवारी आबा गावात नसतात, हेही त्यांच्या लक्षात आले होते. त्या शनिवारी आमच्याकडे उपासना नसते, कॅथलिकांकडे असते. "दोन अधिक दोन किती होतात, गुरुजी?" त्यांनी मला विचारले. मी गणित शिकवले असल्याने उत्तर दिले नाही. दोन्ही संख्या खऱ्या आहेत की नाहीत, हे आधी पाहावे लागते.

त्याच सुमारास मंडळीचे नवे धर्मगुरू, म्हणजे पाळक, आले. तरुण, अभ्यासू, वागायला मऊ. त्यांनी प्रोजेक्टर आणला आणि मतांगीकार पडद्यावर दिसू लागला. पडदा आबांसाठी थांबत नसे. पुढची ओळ झळके, पाळकसाहेब ती म्हणू लागत, आणि मंडळी मात्र सवयीने मागेच उभी असे. तीन रविवार असे झाल्यावर कमिटी बसली. पाळकसाहेब म्हणाले, "मला आबांविषयी आदर आहे. पण मुलांना विश्वास शिकवणारा माणूस वेगळेच काही मानत असेल, तर मला ते कळायला हवे." चौकशी मी करावी असे ठरले. ईस्टरनंतरच्या बैठकीत अहवाल द्यायचा. समाधान झाले नाही तर वर्ग आबांकडून काढून घ्यायचा.

मी शंभर पानी वही घेतली. दर रविवारी समास आखून नोंदी केल्या. आबांचे डोळे त्या ओळीला मिटलेले असतात. आवाज चढत नाही. उजवा हात बंडीच्या खिशात असतो, आणि खिशात काहीतरी जड आहे. ही तिसरी नोंद मी दोनदा अधोरेखित केली आणि पुढे लिहिले, 'कॅथलिकांची जपमाळ?' माझी पत्नी माझ्या शेजारीच बसत असे. घरी आल्यावर ती म्हणाली, "तुम्ही हल्ली देवळात उपासनेला जाता की हजेरी घ्यायला?" मी वही कपाटात ठेवली. पुढच्या रविवारी पुन्हा काढली. संशय ही अशी सवय आहे की तिला आपण तळमळ समजतो.

त्या वर्षी मधल्या शनिवारी मी आबांच्या मागोमाग कर्जतच्या एसटीत चढलो. ते पुढे, मी सर्वांत मागे, तोंडापुढे वर्तमानपत्र. ते एका फाट्यावर उतरले, मी मागच्या दाराजवळच्या गर्दीतून उतरलो. दोन्ही बाजूंना कापणी झालेली ज्वारीची राने आणि वर तापलेले आभाळ. आबा दोनशे पावले चालले आणि मागे न वळता म्हणाले, "गुरुजी, ऊन लई हाय. मागं मागं कशाला येताय, बरूबर चला."

आम्ही बरोबर चाललो. ओढ्याच्या काठी, बाभळीखाली, मातीचा एक उंचवटा होता आणि त्याभोवती दगडांच्या चार थरांचे ठेंगणे कुंपण. कुठेही नाव नाही, क्रूस नाही. आबांनी खिशातून ती जड वस्तू काढली. तो पितळी ओळंबा होता, भिंत सरळ आहे का ते पाहायचा. दोरी नवी, गोळा झिजून गुळगुळीत झालेला. गुडघाभर उंचीच्या भिंतीला ओळंबा लावायची काही गरज नव्हती. त्यांनी चारही कोपऱ्यांना लावला, सुटलेला एक दगड बसवला आणि मग सावलीत बसले.

"माजे वडील," ते म्हणाले. "ह्यो ओळंबा त्येंचाच."

कुटुंबाने बाप्तिस्मा घ्यायचे ठरवले तेव्हा वडील एकटेच मागे राहिले होते. "आई म्हनली, सगळेच घिऊ. ते म्हनले, तुमी घ्या. मला अजून पटलं न्हाई, आन् पटल्याबिगर मी मान हलवनार न्हाई. दर ऐतवारी मातर देवळाच्या भाईर बसून सगळं आयकायचे. आत येत नव्हते, घरीबी जात नव्हते." पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचे काम करताना कड ढासळून ते गेले. बाप्तिस्मा नसल्याने मंडळीच्या दफनाच्या जागेत त्यांना पुरता आले नाही. त्या वेळच्या उपदेशकाला आबांनी विचारले होते, माझा बाप आता कुठे आहे? उपदेशक वाईट माणूस नव्हता. त्याने फक्त खाली पाहिले.

"मग लई वर्सांनी एका म्हाताऱ्याच्या जुन्या पुस्तकात मला ती ओळ घावली. तवा कळलं, तितं बी कुनीतरी गेल्तं. हाक मारायला."

मी विचारले, "मग इथे क्रूस का नाही लावला?"

"त्येंनी घेतला न्हाई, मी त्येंच्या नावावर कसा लावू? खोटं काम हुईल. ते त्या हाकंला गेले का न्हाई, मला ठावं न्हाई. प्रभू तितपर्यंत गेला, येवडंच मी म्हनतो."

मी म्हणालो, "आबा, हे पाळकसाहेबांना सांगा. ते समजून घेतील. वर्ग तुमच्याकडेच राहील."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी फरशी आहे आणि कुठेतरी पोकळ वाजतो आहे, असे ते पाहणे होते. "आसं बघा. ती ओळ खरी आसंल, तर सगळ्यांसाठी खरी. माज्या बापाची कीव करून मंडळीनं ती घेतली, तर त्ये गिलाव्यावर मजला चढवल्यावानी हाय. तुमी बी सांगू नका. वर्ग जाऊ द्या."

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. मी खिडकीबाहेर पाहत माझ्याच घराण्याची उजळणी करीत होतो. माझी पणजी बाप्तिस्म्याविना गेली. हे मी कोणाला कधी सांगितले नव्हते, आणि कोणी कधी विचारलेही नव्हते. मग लक्षात आले की आमच्या मंडळीत असे घरच नाही, ज्याच्या दोन-चार पिढ्या मागे कोणीतरी बाहेर बसलेले नाही. सेक्रेटरींच्याही नाही. आमच्या पुस्तकात ती ओळ नव्हती, म्हणून आम्हाला तो प्रश्नही पडत नव्हता, की प्रश्न पडू नये म्हणून ती ओळ आम्हाला नको होती, याचा उलगडा मला झाला नाही.

बैठकीत मी अहवाल वाचला. ओळ प्राचीन आहे, पाखंडी नाही, आबा कोणत्याही अन्य मंडळीत जात नाहीत. सेक्रेटरी म्हणाले, "मग शनिवारी कुठे जातात?"

"ते सांगण्याची मला मोकळीक नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"हो."

"आणि आम्ही तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायचा."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे दुःखाने पाहिले. माझ्या लक्षात आले, की त्या खोलीत आता संशयित दोन झाले आहेत. मी तेव्हा सर्व काही सांगून टाकले असते तर कदाचित वर्ग वाचला असता. आजही एखाद्या रविवारी वाटते, सांगायला हवे होते. वर्ग काढून घेतला गेला. दुसरे कोणी तयार नसल्यामुळे तो माझ्याकडे आला.

पहिल्या शनिवारी मी किल्ली घेऊन गेलो तर वर्ग झाडलेला होता आणि बाक सरळ लावलेले. आबा पायरीवर होते. म्हणाले, "त्या सेक्रेटरीच्या पोरीला आदी इचारा. ती घाईनं उत्तर देत न्हाई." उठताना त्यांनी हात धरायला दिला नाही. त्यानंतर ते वर्गाकडे फिरकले नाहीत. रविवारी मात्र तिसऱ्या बाकाच्या कडेवर असत, पडदा पुढे जात असे, आणि त्यांची ओळ ठरल्या जागी येई. ती ओळ म्हणू नका, असे त्यांना शेवटपर्यंत कोणी तोंडावर सांगितले नाही. ते धैर्य आमच्यात नव्हते. संशय होता, आणि तो आम्ही सांभाळून ठेवला.

गेल्या वर्षी आबा गेले. झोपेतच, दवाखाना न पाहता. त्यांना मंडळीच्या जागेत, क्रूसाखाली पुरले. त्यांनी तो घेतला होता. ओळंबा मुलाने पुण्याला नेला. मला तो मागावासा वाटला होता, पण कोणत्या नात्याने मागणार?

पुढच्या रविवारी आम्ही मतांगीकार म्हणायला उभे राहिलो. 'त्याला पुरले' इथपर्यंत आलो आणि थांबलो. पडद्यावर पुढची ओळ आली, पाळकसाहेबांनी ती एकट्याने सुरू केली, आणि अख्खी मंडळी एका ओळीच्या लांबीइतकी गप्प राहिली. सेक्रेटरीही. तिसऱ्या बाकाकडे कोणी पाहिले नाही. मग आम्ही एकदम पुढे गेलो. तेव्हापासून दर रविवारी असेच होते. ती ओळ कोणी म्हणत नाही. मीही म्हणत नाही. माझ्याकडून ती अजून पुरती ठोकून झालेली नाही.

सुप्याच्या कारखान्यात बदलून आलेले एक गृहस्थ हल्ली उपासनेला येतात. अलीकडे ते माझ्या शेजारी बसू लागले आहेत. मागच्या रविवारी बाहेर चपला घालताना त्यांनी मला बाजूला घेतले. "गुरुजी, एक विचारू? त्या एका जागी सगळे थांबतात. पुस्तकात काही नाही, पडद्यावर काही नाही. तिथे काय आहे?"

"सवय आहे," मी म्हणालो.

"सगळ्यांची असेल." त्यांनी आवाज उतरवला. "पण तुमचे ओठ हलतात. मी तीन रविवार पाहतोय."

माझे ओठ हलतात हे मला ठाऊक नव्हते. त्यांनी क्षणभर माझ्याकडे निरखून पाहिले, मग खिशातून मोबाईल काढला आणि पाठ वळवून काहीतरी टिपून घेतले.